तो प्यायलेला नव्हता

बरीच वर्षं झाली याला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नुकताच दवाखाना थाटला होता. मे महिना, दुपारचे चार. स्लॅबच्या कामावरच्या एका तिशीतल्या मजुराला दोघांनी धरून आणलं. तो काहीबाही बरळत होता, पाय लटपटत होते, मध्येच सोबत्यांना ढकलत होता. "दुपारी टाकली असेल जी त्यानं," सोबती म्हणाले. तसं समजूनच त्यांनी त्याला तासभर मिक्सरच्या सावलीत निजवून ठेवलं होतं.

दारूचा वास नव्हता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामानं चिंब. इथे मीही चुकलो. उष्माघातात कातडी कोरडी पडते हे डोक्यात पक्कं बसलेलं. घाम आहे, म्हणजे हा मलेरिया किंवा मेंदूज्वर असेल, असं धरून मी तापाचं इंजेक्शन दिलं आणि सलाईनसाठी शीर शोधत बसलो. थर्मामीटर लावला तेव्हा पारा शेवटच्या रेघेला, १०८ फॅरनहाइटला टेकला होता. मग समोरच्या रसवंतीतून बर्फ मागवला, अंगावर बादल्या ओतल्या. तोवर पंधरा-वीस मिनिटं वाया गेली होती.

घरात उकाड्यानं आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी असू शकते. अंगमेहनत करणाऱ्याचं मात्र शरीर आतूनही तापत असतं. घाम गाळत असतानाच त्याचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सिअसच्या वर जातं. म्हणून घाम बघू नका, वागणं बघा. माणूस असंबद्ध बोलतोय, विनाकारण चिडतोय, झोकांड्या खातोय, तर भर उन्हाळ्यात तो उष्माघातच समजा. त्यावर पॅरासिटॅमॉल चालत नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान चढवून ठेवतो, ते गोळीनं उतरतं. इथे उष्णता नुसती साठलेली असते, ती बाहेर काढावी लागते.

तेव्हा १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत आणा, कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगभर ओतत राहा, पुठ्ठ्यानं का होईना वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. खिशातल्या कांद्याशी माझं भांडण नाही, पण तळपायाला कांदा चोळण्यात वेळ घालवू नका.

त्याआधी शरीर इशारे देतं: पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गडद लघवी. या टप्प्यावर काम थांबवून सावली, पाणी, ओआरएस मिळालं तर बहुतेक जण सावरतात. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, तर दवाखाना गाठावा.

त्या मजुराबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. कामावरचा तो त्याचा तिसराच दिवस होता. उन्हातल्या कामाला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. लग्नाची किंवा आजारपणाची सुट्टी काढून परतलेल्यालाही नव्याने सरावावं लागतं. पहिले काही दिवस काम निम्म्याहून कमी द्या, जड काम सकाळी उरका आणि तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पाजा. आणि ठेकेदारसाहेब, बायकांसाठी आडोसा तरी करा. लघवीला जायला जागा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात.

तो वाचला. नागपूरला पंधरा दिवस राहून परत आला. पण लहान मेंदूला इजा झाली होती, चालताना तोल जातो तो कायमचाच. परवा बाजारात दिसला. काठी टेकत चालला होता. पानठेल्यावरचं कुणीतरी म्हणालं, "सकाळीच टाकली वाटते यानं."