संध्याकाळचं विमान



गेले आठ दिवस रोज संध्याकाळी आमच्या घरी विमान बनतंय. किटमधलं, थर्माकोलचं. रबराला पीळ दिला की समोरचा पंखा फिरतो. जोडतो माझा चौथीतला मुलगा, मी नुसता धरून बसतो. पहिल्यांदा सोडलं तर नाक वर करून तिथेच धपकन पडलं. मग नाकाला मातीची छोटी गोळी लावली, तेव्हा कुठे त्याने अंगण ओलांडलं. वजनाचा तोल शिकवायला मला फळा लागला नाही.

पोरगा खूश होऊन म्हणाला, "बाबा, आता मोठं बनवू. आपन बसू त्याच्यात!"

मला एकदम फुलसावंगी आठवलं. आपल्याच जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. आठवीपर्यंत शिकलेल्या तिथल्या एका तरुणाने वेल्डिंगचं काम करता करता स्वतःचं हेलिकॉप्टर तयार केलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, घाव त्याच्या डोक्याला बसला. पोरगा गेला. जेमतेम चोवीस वर्षांचा.

बातमी वाचून मी शाळेत म्हणालो होतो, "कशाला हे नसते उद्योग!" आज त्या वाक्याची लाज वाटते.

कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली. ते स्वतः वैमानिक. हिंमत दोघांचीही मोठी. पण आपल्या पोराजवळ त्या रात्री कोणी जाणकार उभा असता तर? हा प्रश्न मला शिक्षक म्हणून सोडत नाही.

म्हणून एक विनंती. मूल काही खोलत असेल, जोडत असेल तर रागावू नका. जवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. यातलं काय तुटू शकतं? तुटलं तर कुठे उडेल? तेव्हा आपण कुठे उभे असू?

काल मी हेच प्रश्न मुलाला विचारले. त्याने थोडा विचार केला, पंख्याला पीळ दिला आणि धाकट्या बहिणीला म्हणाला, "तू आधी मांगं सरक."