जुनं विंडोज, बंद अपडेट

सुरतचं लिंबायत, उधना. खाली एम्ब्रॉयडरीचं खातं, वर पंचिंगचं टेबल. मशीन स्वतःच्या कंट्रोलरवर चालतं. विंडोज लागतं ते पंचिंगला, म्हणजे डिझाइनची डीएसटी फाइल बनवायला. तिथं अजून विंडोज ७, कुठंकुठं एक्सपी; ते टाकायला मी जातो. पंचिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चढत नाही आणि नवं सॉफ्टवेअर लहान खात्याला झेपत नाही.

*

एक्सपी टाकताना आधी बायोसमध्ये एएचसीआय काढून आयडीई. नाहीतर निळा पडदा, एरर कोडच्या शेवटी ७बी.

विंडोज ७ची गोष्ट वेगळी. नव्या बोर्डावर यूएसबी ३, आणि मूळ डिस्कमध्ये तिचा ड्रायव्हरच नाही. सेटअपचा पहिला पडदा येतो, पण माउस हलत नाही, कीबोर्ड लागत नाही. ड्रायव्हर आधीच सेटअपच्या पेनड्राइव्हमध्ये भरून न्यावा. बोर्डावर पीएस-टूचं भोक असेल तर जुना कीबोर्ड कामी येतो.

नेटची वायर पहिल्यापासून काढलेली. अपडेटचं विचारलं की ‘आस्क मी लेटर’. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल.

*

‘भाऊ, ते अपडेट बंद करी टाक.’ खानदेशातून आलेले खातेवाले हेच सांगतात, आणि मला ते पटतं. जॉबवर्कचा दर हजार टाक्यांवर ठरतो. दिवाळीच्या सीझनला पंचिंग अडलं की खालची मशीनं डिझाइनची वाट बघत उभी राहतात.

पण आपोआप येणारं अपडेट बंद करणं वेगळं आणि एकही अपडेट न घालणं वेगळं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ला आलं होतं, हल्ला झाला १२ मेला. सापडलेल्यांत मोठा भरणा विंडोज ७चा होता. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला होता, तरी हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टनं त्यासाठीही अपडेट काढलं. ते मी हातानं टाकतोच.

*

नेट काढलं तरी पेनड्राइव्ह राहतोच. तोच मशीनला, तोच पंचिंगवाल्याकडे, तोच गाणी भरायला मोबाइलच्या दुकानात. २००८ साली आलेला कॉनफिकर व्हायरस पुढं पेनड्राइव्हच्या ऑटोरनवरूनही पसरला. ते ऑटोरन बंद करणारं अपडेट विंडोज अपडेटवरून फेब्रुवारी २०११मध्ये आलं. जुन्या सीडीवरच्या एक्सपीत ते नसतं. डिझाइनचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, एवढं मी प्रत्येक खात्यात सांगतो.

*

तयार, ‘हलकं केलेलं’ विंडोज कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये. त्यातून काय काढलंय आणि काय घातलंय, कळायला मार्ग नसतो.

*

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही सपोर्ट संपला. आता खातेवाले तेच तसंच गोठवून द्या म्हणतात. अशा कामासाठी एलटीएससी आवृत्ती असते: रूप बदलत नाही, सुरक्षेची अपडेट मात्र येत राहतात. लहान खात्यात ती मी पाहिलेली नाही. खरं तर तिथंच ती हवी.

*

ड्रायव्हर, डोंगल, सॉफ्टवेअर चाललं की लगेच डिस्कची इमेज. एक प्रत खात्यात, एक शेठच्या घरी. वर बोर्डाचं नाव आणि तारीख लिहावी. दुसऱ्या बोर्डावर ती इमेज चालेलच असं नाही.