पुसलेल्या पट्ट्या आणि स्नोड्रॉपची ओळख

मावशीच्या चेल्टनहॅमच्या घरामागे कुंपणाच्या कडेनं अकरा ठिकाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या रोवलेल्या आहेत. त्यातल्या नऊ कोऱ्या. आधी कोऱ्या नव्हत्या. काकांनी त्यांवर मार्करनं नावं लिहिली होती, ती इंग्लंडच्या पावसानं धुऊन नेली. काका तीन वर्षांपूर्वी गेले. आता मावशी घर विकून लीड्सला मुलीजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती आणि मी तिला सामान बांधायला मदत करायला फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे पोहोचले होते.

भांडी, पुस्तकं, देवघर सगळं खोक्यात गेलं. अडलं ते या पट्ट्यांपाशी. तिकडे घर विकलं की जमिनीत लावलेली झाडं घराबरोबरच जातात. न्यायची असतील तर खरेदीदाराला आधी सांगून यादी द्यावी लागते. मावशीच्या नव्या बाल्कनीत पाच कुंड्या मावणार होत्या. मग अकरातले पाच कुठले?

"अगं, मला तर सगळी सारखीच दिसतात. तुझे काका गुडघ्यावर बसून तासन्‌तास बघायचे. मी म्हणायची, पांढरं फूल ते पांढरं फूल, त्यात काय एवढं!" मावशी म्हणाली.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. स्नोड्रॉप म्हणजे वीतभर उंचीचं, मान खाली घातलेलं पांढरं फूल. सुदर्शन ज्या कुळातलं, त्याच कुळातलं. कंद दिसायला लहानशा कांद्यासारखा, पण विषारी, त्यामुळे स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा. बाकी बागेत काड्याच उरलेल्या असतात तेव्हा हे उगवतं. पानाचं टोक कडक असतं, ते गोठलेली माती फोडून वर येतं. कडाक्याच्या थंडीत रोप आडवं पडतं आणि ऊन आलं की पुन्हा उभं राहतं. पहिल्या सकाळी मला वाटलं, सगळी मेली. अकरा वाजेपर्यंत सगळी ताठ!

शेवटी शनिवारी आम्ही दोघी कोल्सबोर्न पार्कला गेलो. चेल्टनहॅमहून सायरनसेस्टरच्या रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर. ही बाग फुलं असतात तेवढे मोजके आठवडेच लोकांसाठी उघडते, त्यामुळे जायचं तर तारखा आधी बघाव्यात. आणि बूट चिखलाचेच घालावेत. मी कापडी बूट घातले होते, ते परत आणायच्या लायकीचे राहिले नाहीत.

कोल्सबोर्न हे हेन्री जॉन एल्विस यांचं घर. एल्विस म्हणजे १८४६ साली जन्मलेला, एका जागी न बसणारा माणूस. पक्षी, फुलपाखरं, लिली, झाडं, सगळ्याचा नाद. १८७० मध्ये ते आपल्या सिक्कीमच्या हिमालयातही फिरले होते. १८७४ मध्ये तुर्कस्तानात इझमीरजवळच्या डोंगरात त्यांना मोठ्या पानांचा एक स्नोड्रॉप दिसला. तो आज त्यांच्याच नावानं गॅलँथस एल्विसी म्हणून ओळखला जातो. गॅलँथस म्हणजे ग्रीकमध्ये दुधाचं फूल. नाव लिनियसनं ठेवलेलं, १७५३ साली.

आत शिरल्यावर झाडांखाली दुधाचं पातेलं उतू गेल्यासारखं दृश्य होतं. खाली एक तळं आहे. त्याचं पाणी चक्क निळं दिसतं, कारण पाण्यात बारीक चिकणमातीचे कण तरंगत असतात. पण आम्हाला तळं बघायला फुरसत नव्हती. आम्ही पाट्या बघत होतो. इथे जातींना नावांच्या पाट्या असतात, आणि आम्हाला तेच हवं होतं.

तिथे एक आजोबा खाली वाकून फुलाची हनुवटी बोटानं उचलून बघत होते. या फुलांच्या वेड्यांना गॅलँथोफाइल म्हणतात. मावशीनं त्यांना आमची अडचण सांगितली. ते हसले आणि म्हणाले, सगळे फुलाकडे बघतात, तुम्ही आधी पानाकडे बघा. तेही मातीतून बाहेर येतं त्या जागी.

त्या एका वाक्यानं आमचं काम सोपं झालं. साध्या स्नोड्रॉपची, म्हणजे निवालिसची, दोन पानं हात जोडल्यासारखी समोरासमोर सपाट उभी असतात. अरुंद, राखाडी झाक असलेली. एल्विसीचं एक पान दुसऱ्याला शालीसारखं गुंडाळून घेतं, आणि पान चांगलं रुंद असतं. प्लिकॅटसच्या पानाच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या असतात, साडीच्या फॉलसारख्या. ही उपमा मावशीची. प्लिकॅटस क्रिमियाकडचा, तिथल्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी त्याचे कंद घरी आणल्याचं सांगतात. आणि वोरोनोवीचं पान राखाडी अजिबात नसतं, चकचकीत हिरवं असतं.

पान झालं की मग फूल. बाहेर तीन लांब पाकळ्या, आत तीन आखूड. आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण असते आणि सगळी भानगड त्या खुणेत. कुठे उलटा व्ही, कुठे दोन ठिपके, कुठे इंग्रजी एक्स. 'व्हिरिडापिस'च्या बाहेरच्या पाकळ्यांच्या टोकांनाही हिरवा रंग लागलेला असतो. 'फ्लोर प्लेनो' दुहेरी, आत नुसत्या झालरी. 'मॅग्नेट'चं फूल इतक्या लांब, नाजूक देठावर लोंबतं की वाऱ्याची झुळूक नसतानाही हलतं. 'एस. आर्नॉट'ला मधाचा वास येतो, पण जरा ऊन लागलं तरच. थंडीत वास घ्यायला गेले तर नाकाला फक्त चिखल लागला.

अशा नोंदलेल्या जाती हजाराच्या वर आहेत. काही पिवळ्याही असतात. 'गोल्डन फ्लीस' नावाचा पिवळ्या खुणेचा एक कंद २०१५ मध्ये ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला. मावशी म्हणाली, "काकांनी असलं काही घेतलं असेल तर मला सांगितलं नसणार."

घरी येऊन आम्ही दुपारभर कुंपणापाशी बसलो. मी फोनवरचे फोटो काढायचे, मावशीनं पान उलटून बघायचं. वाचता येत होत्या त्या दोन पट्ट्या 'एस. आर्नॉट' आणि 'व्हिरिडापिस'च्या. कोऱ्या नऊपैकी सात ओळखता आल्या: दोन साधे निवालिस, एक एल्विसी, एक वोरोनोवी, एक प्लिकॅटस, एक 'फ्लोर प्लेनो', एक 'मॅग्नेट'. दोन राहिल्या. एकाची पानं प्लिकॅटससारखी दुमडलेली पण अरुंद, खूण भलतीच. जवळजवळ लावलेले स्नोड्रॉप मधमाश्यांमुळे आपसात मिसळतात आणि बीपासून नवीनच काहीतरी उगवतं. म्हणजे त्या दोन कदाचित कुठल्याच पुस्तकात नसतील.

मी म्हटलं, "मावशी, ओळखीचेच ने. हे दोन राहू देत."

"नाही. हे दोन आधी," ती म्हणाली. "बाकीचे दुकानात मिळतील."

यादीत 'एस. आर्नॉट', 'मॅग्नेट', प्लिकॅटस आणि नाव नसलेले दोन, अशी पाच नावं गेली. खरेदीदारांनी हरकत घेतली नाही. हलवायची वेळही बरोबर सापडली होती. स्नोड्रॉपचा कंद फार सुकलेला आवडत नाही, त्यामुळे फुलं ओसरताना, पानं हिरवी असतानाच उपटून लगेच दुसरीकडे लावतात. खोल खणायचं, मुळं तोडायची नाहीत, माती पूर्वी जिथवर होती तिथवरच पुन्हा भरायची आणि पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत. कंदाचं पुढच्या वर्षीचं जेवण त्या पानांतच तयार होतं.

एक कंद पुण्याला नेऊ का, असं मी विचारलं. मावशीनं वेड्यात काढलं. रानातून कंद खणून विकण्याचा धंदा फार वाढल्यामुळे स्नोड्रॉपच्या सगळ्या प्रजाती साइट्स करारात आल्या आहेत, परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाहीत. आणि नेला तरी पुण्याच्या उन्हाळ्यात तो जगणार कसा?

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पाचही गड्डे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले. नवीन पट्ट्यांवर मावशीनं साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलं. कोल्सबोर्नच्या त्या आजोबांचाच सल्ला, मार्कर उडतो, शिसं टिकतं. नाव नसलेल्या दोन पट्ट्यांवर तिनं फक्त तारीख घातली.

मग ती मागे फिरली आणि राहिलेल्या सहा ठिकाणांपैकी पाच कोऱ्या पट्ट्यांवरही नावं लिहून त्या पुन्हा रोवून आली. नवीन मालकांना लहान मुलगी आहे म्हणे.