सावलीतल्या कुंड्या

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून आपल्या वस्तीतली माणसे हौसेने क्रोटनची कुंडी आणतात. बंगल्यातली ही हौस आपल्या गॅलरीत आली, याचा आम्हांस आनंदच आहे. पण घरोघरी फिरताना आम्ही पाहतो, थोड्याच महिन्यांत पानांचा लाल-पिवळा रंग उतरून ती नुसती हिरवी दिसू लागतात. मग खत कमी पडले असे समजून मूठभर युरिया पडतो, आणि पानांच्या कडा करपतात. कष्टाचे पैसे वाया जातात.

बंधुभगिनींनो, खत हा शिधा आहे. चूल पेटते ती उजेडावर. सावलीत चूल मंद असते, तेव्हा शिधाही थोडाच लागतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. जास्तीचे खत मातीत साठून मुळांना पाणी घेऊ देत नाही.

म्हणून क्रोटनला सकाळचे ऊन द्या. अंधाऱ्या बोळकांडीशी मनीप्लँट ठेवा. तो कमी उजेडातही तगतो. युरियाऐवजी अधूनमधून थोडे गांडूळखत पुरे. डिफेनबेकिया मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पान चावल्यास तोंड सुजते.

हौस आली, तसे तिचे ज्ञानही घरात यावे, एवढेच आमचे सांगणे.