दुर्मीळ की धावती?

ट्रायम्फ टीआर६ आणि एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत माझं मन एमजीबीकडेच ओढ घेतं. वेगात टीआर६ नक्कीच सरस: सहा सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन, ब्रिटनमधल्या गाड्यांना पेट्रोल इंजेक्शन. एमजीबीचं इंजिन चार सिलिंडरचं, १.८ लिटरचं. शिवाय एमजीबी पाच लाखांवर बनल्या, टीआर६ लाखाच्या आत. मग संग्राह्य टीआर६च, हा आक्षेप रास्त आहे. पण जुनी गाडी धावती राहिली तरच तिचा काळ कळतो, असं मला वाटतं. भरपूर बनल्यामुळेच एमजीबीचे सुटे भाग आजही मिळतात. १९८८पासून तर अख्खी बॉडी नवी मिळू लागली. बॉडी बदलल्यावर अस्सलपणा किती उरतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. तरीही घ्यायचीच असेल, तर एमजीबी घ्या आणि चालवा.