ओढणीखालचे केस

आमच्या आंबागडात पाळणा लांबवण्याच्या गोष्टी बायका हळू आवाजात करतात. त्यापायी केस गळतात, हे तर बोलतच नाहीत. डोक्यावर ओढणी असते. वेणी बोटाएवढी झाली तरी कुणाला दिसणार?

दुसऱ्या मुलानंतर वर्षभराने मी गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत फणीत पुंजके येऊ लागले. खाला म्हणाल्या, नजर लागली. सासूबाईंनी मेथीचं तेल उकळून दिलं. गोळीवर संशय घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही. कारण गोळी देताना कुणी तसं सांगितलंच नव्हतं.

पुढे तुमसरला एका डॉक्टरबाईंनी समजावलं. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच. शरीरातले हार्मोन बदलले, की कधी कधी पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ते बहुधा परत येतात. माला-डीसारख्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. त्याचा गुण थोडा पुरुषी हार्मोनसारखा. घराण्यातच केस विरळ असतील, तर त्याने ते आणखी विरळ होऊ शकतात. सगळ्याच बायकांना हा त्रास होत नाही. शिवाय अंगात रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं, तरी केस जातात. म्हणून आधी रक्त तपासायचं.

शेजारच्या एकीने मात्र केसांच्या भीतीने गोळी गुपचूप सोडली. वर्षाच्या आत तिसरं बाळंतपण. रक्त आधीच कमी होतं, जिवावर बेतलं. केस गेले असते तर पुन्हा आले असते.

गोळी सोडायला हरकत नाही, पण दुसरा उपाय हाती घेऊन सोडावी. तांबी आहे, निरोध आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात हार्मोन नाही. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत आलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शनमध्ये मात्र आहे, आणि एकदा टोचलं की तीन महिने ते अंगातून काढता येत नाही. हे टोचण्याआधी सांगायला हवं.

यात दीनची अडचण सांगणाऱ्यांनी इमाम गझाली वाचावेत. ‘इह्या’मध्ये अज़्लची चर्चा करताना बाईचं रूप आणि जीव जपणं ही कारणं त्यांनी मान्य केली आहेत. नऊशे वर्षांपूर्वी एका आलिमाने ज्या गोष्टीला किंमत दिली, ती डॉक्टरसमोर बोलायला आमच्या बायकांनी का लाजावं?

शाळेत मुलींच्या आया भेटायला येतात. अभ्यासाचं बोलून झालं, की मी आता हेही विचारते.