वारा सर्वांचा, डोंगर कुणाचा?

नाशिकच्या गंगापूर रोडला पूर्वी दुतर्फा मळे होते. आता सोसायट्या आहेत, कॉलेजे आहेत, दवाखाने आहेत. संध्याकाळी बटण दाबले की दिवा लागतो. ही वीज येते कुठून, हे कोणी विचारत नाही. साक्रीला एका लग्नाला जाईपर्यंत मीही कधी विचारले नव्हते.

नाशिकहून नंदुरबारची एसटी धरली. भावडबारी घाट, देवळा, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर करीत साक्रीला उतरलो. लग्न आटोपल्यावर पाहुण्यांबरोबर ब्राह्मणवेलकडच्या पठारावर गेलो. लांबून खेळण्यासारख्या दिसणाऱ्या पवनचक्क्या पायथ्याशी गेल्यावर मान दुखेपर्यंत वर पाहायला लावतात. धूर नाही, राख नाही. एकलहऱ्याची धुरांडी पाहत आलेल्या नाशिककराला याचे कौतुक वाटणारच.

मग इथल्या लोकांनी विरोध का केला?

चक्कीच्या पायाला जागा थोडी लागते. पण तिची लांबलचक पाती डोंगरावर न्यायची तर रुंद रस्ता कापावा लागतो. पुढे तारा आल्या, खांब आले, उपकेंद्र आले. ज्याच्याकडे सातबारा आहे तो कंपनीशी भाव तरी करू शकतो. पण पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांपाशी कागद नव्हता. दप्तरात जमीन वनखात्याची आणि कसणारा अतिक्रमणदार! अशी वनजमीन पवनचक्क्यांसाठी दिली गेली, तेव्हा सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेसारख्या संघटनांनी लोकांना घेऊन विरोध केला. त्यांचे भांडण वाऱ्याशी नव्हते. आम्हाला न विचारता आमचा डोंगर कसा दिला, हा त्यांचा सवाल होता.

हा सवाल आपल्याला नवा नाही. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो याच नाशिक-खानदेशच्या मातीत. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, म्हणून आपले आजे-पणजे तुरुंगात गेले.

सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, अशी तक्रार झाली होती. पाऊस अडवण्याची ताकद त्या पात्यांत नाही. असली समजूत आपण सोडून द्यावी. तिच्यामुळे खरी तक्रार हसण्यावारी नेली जाते.

खऱ्या तक्रारीला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसून जगणाऱ्या आदिवासींना हक्क दिला. बिगर आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या समाजातील अनेकांचे दावे इथेच अडतात. ज्यांचे नातेवाईक अशा गावी आहेत, त्यांनी जुने दाखले, पावत्या, शाळेचे उतारे आजच जपून ठेवावेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत. दावा ग्रामसभेत दाखल होतो, म्हणून ग्रामसभा चुकवू नये. वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढले होते. त्याची प्रत मागून घ्यावी.

परतलो तेव्हा गंगापूर रोडवर दिवे लागले होते. स्वच्छ वीज आपल्यालाही हवीच आहे. पण ज्याच्या डोंगरावरून ती आली, त्याच्या झोपडीत दिवा लागला का आणि त्याच्या नावे सातबारा झाला का, एवढे तरी बटण दाबताना मनात यावे.